हृदयाचं मॉडेल वर्गात नेण्याआधी

मॉडेल पोचलं की बऱ्याच शाळांमधून एकच फोन येतो : “खालच्या दोन कप्प्यांच्या भिंती सारख्या नाहीत, पीस बदलून द्या.” पीस बरोबर आहे. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण खऱ्या हृदयात ती तशीच असते.

उजव्या निलयाला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं. डाव्याला ते मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. म्हणून निरोगी माणसाच्या उजव्या निलयातला दाब आकुंचनाच्या वेळी पाऱ्याच्या 25 मिलिमीटरच्या आसपास जातो, तर डाव्यातला 120 पर्यंत. रक्त मात्र दोन्हीकडून सारखंच बाहेर पडतं, स्वस्थ बसलेल्या माणसात दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर. मिनिटाला 72 ठोके धरा आणि गुणाकार मुलांनाच फळ्यावर करू द्या. उत्तर पाच लिटरच्या घरात येतं, म्हणजे अंगात असतं जवळजवळ तेवढं सगळं रक्त.

रक्ताचा मार्ग दाखवताना निळ्या महाशिरांपासून बोट फिरवा : उजवं अलिंद (वरचा कप्पा), त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी. फुप्फुसांतून परत येताना फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदली झडप, डावं निलय, महाधमनी. फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल, हेही चुकून झालेलं नाही. धमनी म्हणजे हृदयातून बाहेर जाणारी नळी, मग आतलं रक्त कसंही असो. (निळं रक्त कुणाच्याच अंगात नसतं, ते गडद लाल असतं. हे मुलांना जरूर सांगा.) बोट एका वेळी एकाच बाजूला फिरतं, त्यामुळे आधी उजवी बाजू चालते आणि मग डावी, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही अलिंदं जवळपास एकदम आवळतात, आणि त्यामागोमाग दोन्ही निलयं. अलिंदं आवळण्याआधीच बरंचसं रक्त आपसूक खाली उतरलेलं असतं.

झडपांखालचे नायलॉनचे दोरे ओढू नका. खऱ्या हृदयात तिथे चिवट तंतू असतात, निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंना बांधलेले. निलय आवळलं की रक्त मागेही जाऊ पाहतं. हे तंतू नसते तर झडपेच्या पाकळ्या वाऱ्यात छत्री उलटावी तशा अलिंदात उलटल्या असत्या. झडप उघडण्याचं काम मात्र त्यांचं नाही, ते रक्ताच्या दाबानेच होतं. स्टेथोस्कोपमधला ‘लब’ या दोन झडपा मिटतानाचा, ‘डब’ दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा.

डावी-उजवी बाजू ज्याचं हृदय आहे त्या माणसाची धरावी. मॉडेल समोर ठेवलं की त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. पुसायला किंचित ओलं फडकं पुरे. थिनर लावलात तर रंग उतरेल.