चांदीपुरा विषाणूज्वर : प्रसार, परिणाम आणि बडोद्याचा अनुभव

चांदीपुरा विषाणूज्वर हा वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा आणि मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांच्या मेंदूवर आघात करणारा विषाणूजन्य रोग आहे. मध्य, दक्षिण आणि पश्चिम भारतात पावसाळ्याच्या तोंडाशी आणि भर पावसाळ्यात त्याच्या साथी येतात. रात्री जेवून झोपलेले मूल पहाटे तापाने फणफणते, दुपारपर्यंत त्याला झटके येऊ लागतात आणि पुढच्या दिवसाअखेर ते दगावलेले असते, इतका त्याचा वेग आहे. पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातले बरेच रुग्ण उपचारासाठी बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात आणले जातात. त्यामुळे शहरात या रोगाचे मूळ नसले, तरी त्याची झळ शहराला दर काही वर्षांनी लागते.

विषाणूचा शोध महाराष्ट्रात लागला. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ चालू होती. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा शोध घेण्यासाठी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले. चांदीपुरा या गावातल्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात त्यांना वेगळाच विषाणू सापडला. १९५२ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखले जाते. ते दोन्ही रुग्ण साध्या तापाचे होते. पुढे सर्वेक्षणांत अनेक ठिकाणच्या प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, म्हणजे तो कितीतरी लोकांच्या शरीरात येऊन गाजावाजा न करता निघून गेला होता. १९८० मध्ये मध्य प्रदेशात मेंदूविकाराने आजारी असलेल्या एका मुलात तो सापडला, पण तेवढ्याने कोणी फारसे सावध झाले नाही.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वरासारख्या आजाराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. तेव्हा हा विषाणू खऱ्या अर्थाने लोकांसमोर आला. मृत्यू इतके झटपट होत होते, की काही मेंदूतज्ज्ञांना ही विषाणूची बाधा न वाटता मेंदूच्या रक्तवाहिनीतला अडथळा वाटला. एनआयव्हीने रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा करून दाखवला, तरी वाद काही काळ चालूच राहिला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत तशीच साथ आली आणि तिथे मृत्यूचे प्रमाण तीन चतुर्थांशांच्याही वर गेले. या सीमेवरचा छोटा उदेपूर परिसर तेव्हा बडोदे जिल्ह्यातच होता, त्याचा स्वतंत्र जिल्हा २०१३ मध्ये झाला. जुन्या अहवालांत ‘वडोदरा जिल्हा’ असे वाचले की शहरातला रावपुरा किंवा मांडवी डोळ्यांपुढे येऊ देऊ नये. त्या नावात पूर्वेकडच्या डोंगराळ तालुक्यांतले पाडेही मोडत होते.

अलीकडची मोठी साथ २०२४ ची. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ८२ दगावले. प्रयोगशाळेत चांदीपुरा विषाणू सिद्ध झालेले रुग्ण ६४ होते, त्यांतले ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. गेल्या २० वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले. २४५ आणि ६४ हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत. मेंदूज्वर हे लक्षणांचे नाव आहे आणि त्याला जपानी मेंदूज्वराच्या विषाणूपासून कितीतरी कारणे असू शकतात. त्या वर्षी वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर प्रत्येक संशयित रुग्णावर ‘चांदीपुरा’ अशी मोहोर उठत होती आणि त्यातून भीती नको तितकी वाढली.

विषाणू आणि वाहक

रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच रॅब्डोव्हायरस कुळातला हा विषाणू आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो. त्याचा जनुकसंच एकपदरी आरएनएचा असून त्यात फक्त पाच प्रथिनांची माहिती असते. त्यांतले एक बाहेरच्या वेष्टणावर असते आणि त्याच्या जोरावर विषाणू पेशीला चिकटून आत शिरतो.

बडोद्यासारख्या शहरात माणसांना विषाणूंच्या तीन वाटा चांगल्या ठाऊक असतात. खोकल्या-शिंकेतून स्वाइन फ्लू येतो, गळक्या नळातल्या पाण्यातून कावीळ येते आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या, दिवसा चावणाऱ्या डासातून डेंग्यू येतो. चांदीपुऱ्याची वाट यांतली एकही नाही. माणसाकडून माणसाकडे तो पसरल्याचे आढळलेले नाही, म्हणून आजारी मुलाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. पाणी उकळून पिणे, कुंड्यांतले पाणी ओतून देणे हे सगळे करावे, पण त्याने हा रोग अडत नाही.

तो येतो वाळूमाशीतून. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी, अंगभर केसाळ आणि फिकट मातकट रंगाची असते. बसताना ती पंख मिटत नाही, पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते. ही तिला ओळखण्याची सोपी खूण. उडण्यात ती अगदी दुबळी, भिंतीवरून उड्या मारल्यासारखी थोडी थोडी पुढे सरकते. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी तिला उडता येत नाही, त्यामुळे पंख्याखाली झोपलेल्या माणसाला ती कमी चावते. ती गुणगुणत नाही. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत ती रक्त शोधते आणि चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिलाच रक्त लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती पाण्यात वाढत नाही. मातीच्या भिंतीतल्या भेगा, भिंतीच्या पायाशी साठलेली ओलसर माती, गोठ्यातले शेण आणि पालापाचोळा यांत ती अंडी घालते, आणि अळ्या त्याच मातीतले कुजके खाऊन वाढतात. छोटा उदेपूर भागातल्या राठवा आदिवासींची घरे बांबूच्या कुडाची आणि मातीने लिंपलेली असतात. ओसरीच्या ज्या भिंतीवर पिठोऱ्याचे, म्हणजे राठव्यांच्या पारंपरिक विधीचित्रांतले, घोडे चितारले जातात, ती आधी शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने नीट तयार केलेली असते. अशी जपलेली, वरचेवर लिंपलेली भिंत माशीला फारशी जागा देत नाही. धोका असतो तो तिच्या मागच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यात पोपडे सुटतात, भेगा रुंदावतात आणि पलीकडेच गुरे बांधलेली असतात. पहिल्या सरींनंतर त्या भेगांत दमटपणा आणि ऊब एकत्र येतात आणि माश्यांची संख्या झपाट्याने वाढते. म्हणून हा रोग मातीच्या घरामुळे होतो असे सरसकट म्हणणे त्या घरांवर अन्याय करणारे आहे. भेगा बुजवायला सवड आणि पैसा नसणे, आणि गुरांसाठी वेगळी जागा नसणे, हे त्यामागचे खरे कारण.

एकदा विषाणू माशीत शिरला की तो मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीतही जाऊ शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आजारी माणूस नसतानाही विषाणू वर्षानुवर्षे एखाद्या भागात टिकून कसा राहतो, याचा बराचसा उलगडा त्यातून होतो.

शरीरावर होणारा परिणाम

सुरुवात अचानक चढणाऱ्या जोराच्या तापाने होते. पाठोपाठ उलट्या, कधी जुलाब, मग झटके, आणि काही तासांत मूल ग्लानीत जाते. विषाणू मेंदूतल्या चेतापेशींत शिरून वाढतो, त्या पेशी मरू लागतात, आणि शरीराची स्वतःची दाहक प्रतिक्रिया नुकसानात भर घालते. मेंदूला सूज येते. कवटी हाडाची असल्याने सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा नसते. आतला दाब वाढत जातो आणि श्वास व हृदय चालवणारी केंद्रे दबली जातात. मृत्यू बहुधा याच दाबाने होतो. मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत मात्र पुष्कळदा पेशी फारशा वाढलेल्या दिसत नाहीत, त्यामुळे नेहमीचा मेंदूज्वर पाहून सरावलेला डॉक्टरही चकू शकतो.

लहान मुलेच का बळी पडतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रौढांच्या रक्तातल्या त्या प्रतिपिंडांत आहे. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पूर्वी कधीतरी विषाणूचा सौम्य संसर्ग होऊन गेलेला असतो. लहान मुलाची ती पहिलीच भेट असते.

वेळ आणि अंतर

या विषाणूवर खास औषध नाही. उपचार म्हणजे झटके थांबवणे, मेंदूची सूज उतरवणारी औषधे शिरेतून देणे, रक्तातली साखर आणि क्षार सांभाळणे आणि गरज पडली तर मुलाला व्हेंटिलेटरवर ठेवणे. हे सगळे वेळेत मिळाले तर मूल वाचू शकते. अडचण वेळेचीच आहे. छोटा उदेपूर बडोद्यापासून सुमारे १०० किलोमीटर, दाहोद त्याहून लांब. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याच्या दवाखान्यात आणि मग १०८ च्या गाडीने शहरात, अशा टप्प्यांत पाच-सहा तास सहज जातात.

सयाजी हॉस्पिटलात अशा मुलाला आणले की आधी दोन प्रश्न विचारले जातात : ‘क्यारथी ताव छे? खेंच केटली वार आवी?’ ताप कधीपासून आणि झटके किती वेळा, या दोन उत्तरांवर पुढची धावपळ ठरते. झटके अर्ध्या तासाहून जास्त चालू राहिले असतील तर मेंदूचे नुकसान आधीच सुरू झालेले असते. गुजराती बोलणारे डॉक्टर, राठवी बोलणारी आई आणि मधे दोघांचे एकमेकांना समजावून सांगणारी एखादी मराठी सिस्टर हे दृश्य बडोद्यात नवलाचे नाही. ‘बेन, घाबरू नका, आधी याला कुशीवर घ्या,’ असे मराठी-गुजराती सरमिसळ करून सांगणाऱ्या या बायकांचे काम कुठल्या अहवालात येत नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत मुलाची श्वासाची वाट मोकळी राहते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे.

रक्ताचे आणि मणक्यातल्या पाण्याचे नमुने बर्फात ठेवून तपासणीला पाठवले जातात. वर्षानुवर्षे हे नमुने पुण्याला जात. २०२४ मध्ये गांधीनगरलाही तपासणी सुरू झाली. तरीही अहवाल यायच्या आधी मूल एक तर धोक्याबाहेर आलेले असते किंवा गेलेले असते. म्हणून डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नये.

घरच्या घरी

झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, अंगावरचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची पद्धत मराठी घरांतही अजून दिसते. त्याने झटका थांबत नाही, फक्त १०८ ला फोन करायला उशीर होतो. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा वेगळाच आजार उद्भवू शकतो.

दांडिया बाजार, रावपुरा किंवा नव्या वसाहतींतल्या मराठी कुटुंबांना २०२४ च्या पावसाळ्यात पुण्या-नागपूरकडच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन येत होते. पक्क्या घरात, वरच्या मजल्यावर, पंख्याखाली झोपणाऱ्या मुलांना या रोगाचा धोका फार कमी असतो, हे अशा वेळी स्पष्ट सांगायला हवे. पण त्याच घरात काम करणाऱ्या मावशींचे मूल सुटीत गावाकडे गेलेले असेल, शेजारच्या बांधकामावर पूर्वेकडून आलेले मजूर कुटुंब मातीत झोपत असेल, तर त्यांच्या मुलाच्या तापाकडे शहरातल्या डॉक्टरने वेगळ्या नजरेने पाहायला हवे. ‘गेल्या आठवड्यात कुठे होतात?’ हा प्रश्न पावसाळ्यात ताप-झटक्याच्या प्रत्येक मुलाबाबत विचारावा.

गावात माशी आवरण्याचे उपाय साधे आहेत. पावसाआधी भेगा लिंपून घ्याव्यात, गोठा घरापासून दूर न्यावा आणि शेणखत भिंतीला लागून साठवू नये. मुलांना संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवावे. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून वाळूमाशी आरामात आत येते. जाळी बारीक हवी किंवा मच्छरदाणी कीटकनाशकात भिजवलेली हवी. २०२४ मध्ये गुजरातच्या आरोग्य खात्याने कच्च्या घरांच्या भेगांत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पूड टाकण्याची मोहीम घेतली. उपाय योग्य होता, पण रुग्ण सापडू लागल्यावर सुरू झालेली मोहीम उशिराचीच. माशीची पिढी तयार व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा हे काम मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी व्हायला हवे.

लस अजून उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत उंदरांवर तिचे काम झाले आहे, पण माणसांसाठी मान्यता मिळालेली लस बाजारात नाही. दोन साथींमध्ये अनेक वर्षे जातात, हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो आणि रुग्ण विखुरलेल्या पाड्यांतले असतात. अशा रोगाच्या लसीची चाचणी घेणे अवघड असते आणि ती विकत घेणारा कोणी नसतो, त्यामुळे तिचा खर्च सरकारनेच उचलायला हवा. वाचलेल्या मुलांपैकी बरीच पूर्ण बरी होतात. काहींना शरीराच्या एका बाजूची कमजोरी राहते आणि त्यांना महिनोन्महिने व्यायामोपचार लागतो. छोटा उदेपूरच्या पाड्यावरून त्यासाठी दर आठवड्याला बडोद्यापर्यंत येणे शक्य नसते, म्हणून फिजिओथेरपीची सोय तालुक्याच्या दवाखान्यात होणे गरजेचे आहे.