पेट्रोलमधलं इथेनॉल आणि तुमची गाडी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सर्व्हिसिंगला गाडी देताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं म्हणे, त्यानं इंजिनाची वाट लागेल का?" कंपनीनं तुमच्या गाडीसाठी जेवढं प्रमाण मान्य केलंय, तेवढ्यानं लागणार नाही. पुढचं सगळं गाडीच्या वयावर, ती किती दिवस उभी असते यावर आणि टाकीत पाणी जातं का यावर ठरतं. म्हणून हे पत्रक.

आधी टाकीचं झाकण उघडा

ई-१० म्हणजे शंभर भागांत दहा भागांपर्यंत इथेनॉल, ई-२० म्हणजे वीस. तुमच्या गाडीला कुठपर्यंत चालतं ते बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाच्या आतल्या लेबलवर किंवा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथला आकडा हा वरचा आकडा. त्याहून कमी मिश्रण चालतं, जास्त नको.

"ब्राझीलमध्ये तर याहून जास्त घालतात" असं काही जण सांगतात. खरंय, तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०१५ पासून २७ टक्के इथेनॉल होतं आणि २०२५ मध्ये ते ३० वर गेलं. पण तिथल्या गाड्या त्याच हिशेबानं बनतात. अमेरिकेत ई-१५ ला परवानगी देताना २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्याच मोटारी धरल्या, त्या याच कारणानं. देश कोणता यापेक्षा गाडी कशासाठी बनली आहे ते बघा.

मायलेज पडतं का?

पडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-१० मध्ये तीन-साडेतीन टक्के आणि ई-२० मध्ये सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ई-२० वर हिशेबानं १४ देईल. ती ११ देत असेल तर दोष इथेनॉलवर ढकलू नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर, घासत राहणारे ब्रेक आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या.

इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद) मात्र पेट्रोलपेक्षा बराच वरचा, १०८ च्या घरातला. त्यामुळे इंजिन नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) कमी करतं. त्याचा पुरता फायदा त्यासाठी ट्यून केलेल्या इंजिनालाच मिळतो. साध्या गाडीत फारसा फरक जाणवत नाही.

इंजिन कसं जुळवून घेतं

पेट्रोल नीट जळायला वजनानं सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. इंजेक्टरच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. या जुळवाजुळवीला मर्यादा असते. ती संपली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१ सारखा कोड येतो, म्हणजे मिश्रण 'लीन' झालंय, हवा जास्त आणि इंधन कमी. हाच कोड हवेचा पाइप फाटल्यावर किंवा फ्युएल पंप दमल्यावरही येतो. नुसता कोड वाचून पार्ट बदलायला कुणी सांगितलं तर थोडं थांबा.

थंड इंजिन सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईसीयू सेन्सरच्या भरवशावर राहत नाही. म्हणून त्रास पहिल्यांदा जाणवतो तो सकाळच्या स्टार्टला आणि चढावर.

कार्बोरेटरच्या गाडीत यातलं काहीच नसतं. जेटचं (इंधन सोडणाऱ्या तोटीचं) भोक जेवढं, तेवढंच इंधन. पिकअपला अडखळणं, इंजिन जास्त तापणं, उन्हात इंधनाची वाफ धरून गाडी बंद पडणं ही तिची लक्षणं. अशी गाडी असेल तर जेट आणि ट्यूनिंगबद्दल आमच्याशी बोला.

खरा शत्रू पाणी

पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, इथेनॉल करतं. थोडं पाणी मिश्रणात विरघळून जळून जातं, ते उलट चांगलंच. पण ई-१० मध्ये साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी गेलं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत सुमारे २०० मिलिलिटर, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला बसतं. इंधन गार असेल तर त्याहून कमी पाण्यातही हे होतं. पंप टाकीच्या तळातूनच ओढतो, तेव्हा इंजिनाला आधी हा थर मिळतो: गाडी मिसिंग करते, बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. वरून ताजं पेट्रोल भरून ही फाटाफूट सांधेल याची खात्री नसते. टाकी रिकामी करून साफ करणं हाच भरवशाचा इलाज.

आजच्या बंद टाक्यांमध्ये हवेतल्या दमटपणानं एवढं पाणी सहसा जमत नाही. ते येतं झाकणाच्या फाटक्या रबरातून, पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत, किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून. झाकणाची रबरी रिंग तडकली असेल तर आजच बदला; सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच.

बाटलीत पेट्रोल आणि पाणी हलवून "बघा, पेट्रोलमध्ये किती पाणी!" असं दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. ई-२० च्या १०० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर पाणी घातलं तर खालचा थर ३० च्या आसपास जातो. वाढलेला भाग म्हणजे पाण्यात उतरलेलं इथेनॉल, भेसळ नव्हे. आणि घरात हा प्रयोग करू नका, पेट्रोलची वाफ पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर शेवटचं पेट्रोल ताजं भरा आणि टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी.

जुनी गाडी

ज्या गाड्या इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नाहीत, त्यांच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि कार्बोरेटरमधली गॅस्केटं फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. जस्ताच्या भागांना आणि ओल राहिली तर ॲल्युमिनियमलाही गंज लागतो. इथेनॉल पक्कं सॉल्व्हंट आहे. वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून अशी गाडी इथेनॉलच्या पेट्रोलवर आल्यानंतर पहिल्या दोन-तीन टाक्यांनी फिल्टर बदलावा. नळ्या एकदा फ्लोरोइलास्टोमर (इथेनॉल सोसणाऱ्या) रबराच्या बसवल्या की ती काळजी मिटते. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवत आणू नका, आम्हाला बोलवा.

इंधनात ओतायच्या बाटल्यांबद्दल विचारणारे बरेच असतात. चांगला स्टॅबिलायझर साठलेलं पेट्रोल शिळं होणं लांबवतो, बस. वेगळं झालेलं इथेनॉल तो परत मिसळत नाही आणि जुन्या रबराला नवं करत नाही. आम्ही त्या विकत नाही.

ई-८५ साध्या गाडीत मुळीच नको. त्यासाठी मोठे इंजेक्टर आणि वेगळी यंत्रणा असलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या असतात. निव्वळ इथेनॉल थंडीत पेटायलाही कुरकुरतं. ब्राझीलमधल्या इथेनॉलच्या गाड्यांना नुसत्या स्टार्टसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत असत.

इंधनाबद्दल शंका असेल तर कुठे आणि कधी भरलं याची पावती सोबत आणा, आणि येताना टाकी फुल करू नका. ती आम्हाला रिकामी करावी लागू शकते.