आईचा किरकोळ ताप आणि बाळाचा लिस्टेरिया

१९८१ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात लिस्टेरिया या अन्नातून पोटात जाणाऱ्या जंतूची साथ आली. ४१ रुग्णांपैकी ३४ गरोदर बायका आणि त्यांची बाळं होती. माग काढत गेल्यावर कारण निघालं कोबीची कोशिंबीर. शेतात मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं आणि कोबी हिवाळाभर शीतगृहात पडून होता. इतर बहुतेक जंतू थंडीत थबकतात, पण लिस्टेरिया ४ अंश सेल्सिअसलाही सावकाश वाढत राहतो. म्हणून धोका कच्चं दूध, त्याचं मऊ चीज आणि फ्रिजमधून काढून तसंच खाल्लं जाणारं मांस किंवा धुरावलेली मासळी यांतून जास्त. अन्न आतपर्यंत ७४ अंशांना तापवलं की जंतू मरतो.

गरोदर बाईला थोडा ताप, अंगदुखी, कंबरदुखी एवढंच होतं; कधी काहीच होत नाही. दूषित अन्न खाल्ल्यावर आजार दिसायला काही आठवडेही लागतात, त्यामुळे काय बाधलं हे आठवणं कठीणच. जंतू मात्र आतड्यातून रक्तात आणि तिथून वारेत (गर्भाला पोसणाऱ्या अवयवात) पोचतो. पेशीत शिरला की तिथल्याच ॲक्टिन प्रथिनाचे धागे तो आपल्या एका टोकाला रचत जातो आणि त्या रेट्याने थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीबाहेर यावंच लागत नसल्याने रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती तो लागत नाही. यातून गर्भपात, मृत जन्म किंवा अकाली प्रसूती होऊ शकते.

जन्मलेल्या बाळात आजाराची दोन रूपं दिसतात. पहिलं पहिल्या आठवड्यातलं, बहुधा पहिल्या दोन दिवसांतलं: बाळ अनेकदा अपुऱ्या दिवसांचं, श्वास जोरात, अंग गार किंवा तापलेलं, रक्तात जंतुसंसर्ग. जबर आजारात त्वचेवर पुरळ, यकृत-प्लीहेत बारीक गळवं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गर्भजल हिरवट दिसलं तर लिस्टेरियाची शंका घ्यावीच. दुसरं रूप दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातलं. पूर्ण दिवसांचं, धडधाकट घरी गेलेलं बाळ दूध ओढेनासं होतं, किरकिरतं, तापतं. हा बहुतेकदा मेंदूज्वर असतो.

निदानासाठी रक्ताचं आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लागतं. वारेचीही तपासणी करावी. सूक्ष्मदर्शकाखाली हे दंडगोल जंतू त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंसारखे दिसतात आणि ‘नमुन्यात बाहेरून आलेले’ म्हणून सोडून दिले जातात. नवजात बाळाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते.

सेफ्ट्रायॅक्सोन, सेफोटॅक्सिम यांसारखी सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं लिस्टेरियावर चालत नाहीत, हे इथे सर्वांत महत्त्वाचं. शिरेतून ॲम्पिसिलिन आणि जोडीला जेंटामायसिन द्यावं लागतं: रक्तातल्या संसर्गाला साधारण १४ दिवस, मेंदूज्वराला किमान २१. आजारी नवजात बाळाला कल्चरचा निकाल येण्याआधीच ॲम्पिसिलिन सुरू करतात, त्यामागचं एक कारण हेच.

गरोदरपणात कारण न सापडणारा ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडू नये. डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगावं आणि आईच्या रक्ताचं कल्चर करून घ्यावं. तिला वेळेत ॲम्पिसिलिन मिळालं तर ते वारेतून बाळालाही पोचतं.