गाळात मुरलेलं तेल

‘दर्या पोटात काही ठेवत नाही, सगळं परत आणून टाकतो,’ असं कोकणात कुणीही सांगेल. नारळ, चपला, थर्माकोल यांच्यापुरतं ते खरंही आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटले की घासूनही निघत नाहीत. तेही दर्यानं परत केलेलं तेलच. पण तेल उघड्या समुद्राऐवजी खाडीत किंवा लगूनमध्ये शिरलं, तर ते परत येईलच असं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचॉंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत तेल वाहत आलं. मच्छीमार काळेकुट्ट होऊन बादल्यांनी तवंग उपसत होते, ते फोटो अनेकांना आठवत असतील. पुढे तवंग गेला, बातम्याही गेल्या. एन्नोरच्या उत्तरेला पुलिकत आहे : अरुंद तोंडानं समुद्राला जोडलेलं उथळ, खारं सरोवर, म्हणजेच लगून. बकिंगहॅम कालव्यानं ही दोन्ही पाणथळं एकमेकांना जोडलेली आहेत. अशा संथ पाण्यात तवंग दिसेनासा झाला, तर पहिली शंका तळाची घ्यावी.

तेल पाण्यापेक्षा हलकं, मग ते बुडतं कसं? एकटं बुडत नाही. नदीनं आणलेले मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात आले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. तेलाचे थेंब त्या पुंजक्यांना धरतात आणि त्यांच्या वजनानं खाली बसतात. लगूनमध्ये लाटांचा मार कमी, त्यामुळे बसलेलं सहसा पुन्हा उठत नाही. वरून नवा गाळ साचत राहतो.

इथून पुढे सगळा खेळ ऑक्सिजनचा आहे. तेल खाणारे जिवाणू निसर्गात मुबलक आहेत, पण त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. १ ग्रॅम तेल पूर्ण जाळायला, म्हणजे त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करायला, साधारण ३.४ ग्रॅम ऑक्सिजन हवा. उबदार समुद्राच्या १ लिटर पाण्यात तो असतो जेमतेम ६-७ मिलिग्रॅम. म्हणजे चमचाभरही नसलेल्या तेलासाठी गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीएवढ्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. आणि चिखलात तो पोचतच नाही. ओहोटीला खाडीत पाय रुतवून पाहा : वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली लगेच काळा आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. ऑक्सिजन तिथवर येईपर्यंत वाटेतच संपतो, हे त्यावरून कळतं. त्याखालचे जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर भागवतात, पण त्यांचा कारभार फारच धिमा.

म्हणूनच ‘तेल खाणारे सुपर जिवाणू’ असल्या मथळ्यांवर मी चटकन विश्वास ठेवत नाही. आनंद चक्रवर्तींनी तसा जिवाणू घडवला, १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचं पेटंटही मान्य केलं. संशोधन अस्सल होतं. पण हवा नसलेल्या चिखलावर जिवाणूंची पुडी शिंपडणं म्हणजे दार बंद असलेल्या गोदामासमोर हमाल वाढवण्यासारखं आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. गाळातलं तेल किती ‘खाल्लं गेलंय’ हे ओळखतात कसं? गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र तेलातले घटक एकेक करून वेगळे करतं. ताज्या तेलाचा आलेख कंगव्यासारखा दिसतो, प्रत्येक दाता म्हणजे कार्बनची एक सरळ साखळी. १७ कार्बनच्या दात्याला खेटून एक जोडीदार उभा असतो, प्रिस्टेन. (हे नाव शार्कच्या लॅटिन नावावरून पडलंय, कारण तो शार्कच्या यकृताच्या तेलातही सापडतो.) दोघं जवळपास सारखेच उडतात आणि पाण्यात दोघंही विरघळत नाहीत. फरक आकाराचा. सरळ साखळी जिवाणू टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत खातात. प्रिस्टेनला मात्र जागोजागी मिथाइलच्या, म्हणजे एकेका कार्बनच्या, फांद्या आहेत. पँटची चेन धाग्यात अडकावी तशी जिवाणूंची पचनक्रिया तिथे अडते. त्यामुळे १७ चा दाता झिजला आणि प्रिस्टेन ताठ उभा राहिला, तर तेल नुसतं उडून गेलेलं नाही, जिवाणूंनी खाल्लंय. दोघांचं गुणोत्तर घ्यायचं, बस्स. मूळ तेल किती होतं हे माहीत असण्याचीही गरज नाही! पुढे सगळे दाते गळतात आणि बैलाच्या वशिंडासारखा फुगवटा उरतो : हजारो गुंतागुंतीच्या रेणूंची सरमिसळ, जी हे यंत्र सुटी करू शकत नाही.

१६ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) खडकावर चढला आणि डिझेलसारखं सुमारे ७ लाख लिटर इंधन सांडलं. त्यातलं काही तेल खाऱ्या दलदलीत शिरलं. ३० वर्षांनी शेजारच्याच वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला. वरचे काही सेंटिमीटर स्वच्छ. त्याखाली तेल, काही थरांत गळतीनंतर लगेच मोजलं होतं जवळपास तेवढंच. आलेखात सरळ साखळ्यांचे दाते नव्हते. प्रिस्टेन होता.

तिथले फिडलर खेकडे, एक नांगी भलीमोठी असलेले, एरवी सरळ खोल बिळं खणतात. त्या बिळांतूनच हवा चिखलात उतरते, म्हणजे तेल संपवण्याची थोडीफार सोय खेकडेच करतात. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जागी बिळं उथळ आढळली. तेलाच्या थरापाशी पोचलं की खेकडे खणणं थांबवत किंवा आडवे वळत. हवा जिथे पोचायला हवी होती, तिथे बीळच पोचत नव्हतं.