एलईडी इंडिकेटरला रेझिस्टर का लागतो? : पार्श्वभूमी

गाडीचा जुना इंडिकेटर बल्ब काढून एलईडी बसवला की इंडिकेटर दुप्पट वेगाने फडफडायला लागतो. मग वायरमन सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला एक रेझिस्टर (करंटला अडवणारा आणि तो अडवताना तापणारा तुकडा) आणतो, इंडिकेटरची वायर आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली करंटची परतीची वाट) यांच्यामध्ये जोडतो, आणि वेग पुन्हा जागेवर येतो. गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. पण तो वाढलेला वेग हा बिघाड नव्हता, तो गाडीने दिलेला निरोप होता. तो निरोप कुठून आला आणि आपण तो कसा बंद करायला लागलो, याची ही हकिकत.

सुरुवातीला हातच होता. काचेबाहेर हात काढून वळायचं. पुढे युरोपातल्या गाड्यांना दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा छोटा दिवा असलेला दांडा आला. लुकलुकणारा इंडिकेटर अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने १९३९च्या मॉडेलवर दिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो हळूहळू सगळीकडे पसरला. लुकलुकवण्याचं काम करायची फ्लॅशरची डबी. आत तापणारी धातूची पट्टी. करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि सर्किट तुटतं, थंड झाली की परत जुळतं. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मागून येणारी टिकटिक ती हीच.

या पट्टीला तापायला बल्बांचाच करंट लागायचा. एक बल्ब उडाला की करंट कमी, पट्टी नीट तापत नाही, आणि इंडिकेटर मंदावतो किंवा नुसताच पेटून राहतो. डॅशबोर्डवरचा बाणही तसाच अडकतो. म्हणजे बल्ब गेल्याची खबर ड्रायव्हरला आपोआप मिळायची, त्यासाठी कोणी वेगळी सोय केलेली नव्हती. नियमांनी पुढे हीच गोष्ट उचलून धरली. १९६८पासून लागू झालेल्या अमेरिकी दिव्यांच्या नियमात बल्ब गेल्याचं ड्रायव्हरला कळलं पाहिजे ही अट आली. मात्र रुंद ट्रक आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना त्यातून सूट होती, कारण ट्रेलर जोडला की बल्ब वाढतात, सोडला की कमी होतात, आणि फ्लॅशरला हिशोब जमत नाही. युरोपच्या नियमातही ड्रायव्हरला खबर देण्याची अट आहे. लुकलुकण्याचा वेग तिथे मिनिटाला ९० वेळा, ३० कमी-जास्त. आपल्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ६० ते १२० हीच चौकट आहे.

मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. आत रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, आणि एक छोटी आयसी, म्हणजे त्याला हुकूम देणारी चिप. बल्बांकडे जाणाऱ्या वाटेत ओहमच्या (ओहम हे रोधाचं माप) दोन-तीन शतांश इतका बारीक शंट, म्हणजे करंट मोजायला घातलेला रेझिस्टर, आणि त्याच्यावर किती व्होल्टेज पडतं त्यावरून आयसी करंट ओळखते. आता वेग बल्बांच्या करंटवर अवलंबून राहिला नाही, म्हणजे बल्ब गेल्याची जुनी खबरही बंद पडली असती. म्हणून आयसी बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम परत घातली : शंटवरचं व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेलं की वेग दुपटीच्या आसपास न्यायचा. आज ज्याला आपण ‘इंडिकेटर पळतोय’ म्हणतो तो या निर्णयातून जन्मला.

एलईडीचा घोळ इथेच आहे. पुढे-मागे २१ वॅटचे दोन बल्ब आणि फेंडरवर ५ वॅटचा एक, मिळून ४७ वॅट. १२ व्होल्टला जवळजवळ चार अँपिअर. एक मोठा बल्ब गेला तर उरतात २६ वॅट, आणि आयसीची पातळी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बेतलेली असते. आता तिन्ही जागी एलईडी बसवले तर सगळे मिळून चार-पाच वॅटही घेत नाहीत. आयसीच्या दृष्टीने सगळे बल्ब उडालेले. पिवळे-नारिंगी एलईडी १९९०च्या दशकातच चांगले तेजस्वी झाले होते. ट्रक-बसवाल्यांनी ते आधी उचलले, कारण खड्ड्यांत फिलामेंट तुटण्याचा वैताग त्यांना जास्त. कारच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत, पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या बाजूला, हे बल्ब बाजूच्या पाकिटातल्या रेझिस्टरसह टांगलेले दिसू लागले ते त्यानंतर.

रेझिस्टर लागतो तो यासाठी : बल्बाइतका करंट खेचून आयसीला बल्ब शाबूत आहे असं भासवायला. बाजारात रुळलेला रेझिस्टर ६ ओहम, ५० वॅटचा. तो आकडा कुठून आला हे सोपं आहे : २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध सातच्या जवळ. पण इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास असतं. १४ व्होल्टला ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात आणि ३३ वॅटची उष्णता होते. वीज वाचवायला म्हणून एलईडी आणला आणि काढलेल्या बल्बापेक्षा जास्त वीज शेजारच्या कवचात जाळली. अर्धा वेळ बंद असतो असं धरलं तरी सरासरी १६ वॅट. कवचावरचे ५० वॅट हे जाड धातूच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेल्या रेझिस्टरसाठी असतात. हवेत लटकवला तर त्याच तुकड्याला पंधरा-वीस वॅटच्या वर झेपत नाही.

वळताना दहा सेकंद इंडिकेटर दिला तर हे कळत नाही. हॅझर्ड चालू राहिले की कळतं. माझ्या हॅचबॅकला एका दुकानात मागचे दोन रेझिस्टर लाल डबल टेपने टेललॅम्पच्या मागच्या प्लॅस्टिकवर चिकटवून दिले होते. जुलैत कसारा घाटात ट्रक आडवा झाला, पाऊण तास रांगेत, धुकं दाट, चारही इंडिकेटर चालू. नाशिकला पोचल्यावर डिकी उघडली तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. टेप सुटून एक रेझिस्टर वायरिंगवर पडला होता. वरची खाचांची नळी वितळून त्याला चिकटली होती आणि आतल्या दोन वायरींचं इन्शुलेशन एकमेकांत मिसळलं होतं. नागडी तांब्याची तार एका मिलिमीटरवर होती. पावसाळ्यात घाटात हॅझर्ड लावून गाडी चालवणारे किती आहेत ते आपण पाहतोच. त्या प्रत्येकाच्या डिकीत काय तापत असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

उष्णता ही निम्मीच गोष्ट. रेझिस्टर बसवल्यावर एलईडी उडाला तरी सव्वादोन अँपिअर जातच राहतात. वेग नीट, डॅशबोर्डचा बाण नीट, आणि मागच्याला मात्र काहीच दिसत नाही. उलट, रेझिस्टरची वायर तुटली तर धडधाकट एलईडी पळायला लागतो. चाळीस वर्षं जपलेली खबर आता दिव्याची राहिली नाही, ती रेझिस्टरची झाली. ज्या गाड्यांत फ्लॅशर वेगळा, काढता येण्याजोगा आहे तिथे एलईडीसाठीचा ठरावीक वेगाचा फ्लॅशर बसवणं मला बरं वाटतं. जुना फ्लॅशर दोन पिनांचा असेल तर अर्थची तिसरी वायर ओढावी लागते, एवढंच काम. दिवा गेल्याची खबर तोही देत नाही हे खरं, पण डिकीत काही तापत तरी नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत तो फ्लॅशरच उरला नाही. त्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिव्यांसारखी कामं सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, करतं, आणि इथे ‘कॅनबस’ हा शब्द येऊन सगळा गोंधळ उडवतो. कॅन हे गाडीतल्या मॉड्यूलनी एकमेकांशी बोलायचं जाळं. जर्मनीतल्या एका कंपनीने ते १९८६ मध्ये जाहीर केलं. एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी, त्यांवरून संदेश. इंडिकेटरच्या साध्या बल्बपर्यंत हे जाळं पोचत नाही. बल्बाला जाते ती नेहमीचीच वायर आणि अर्थ. मॉड्यूल त्या वायरीतला करंट मोजतं, कमी वाटला तर वेग वाढवतं आणि ‘बल्ब गेला’ हा संदेश कॅनवरून डॅशबोर्डला पाठवतं. तक्रार करंटची, नाव मात्र संदेश नेणाऱ्याचं पडलं.

बाजारात ‘कॅनबस बल्ब’ म्हणजे काय, तर बहुतेक वेळा बल्बाच्या आतच रेझिस्टर कोंबलेला. ५ वॅटच्या पार्किंग बल्बात हे चालून जातं, थोडाच भार दाखवायचा असतो. २१ वॅटच्या इंडिकेटरच्या जागी तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या बल्बातून बाहेर कशी जाणार? आणि एलईडीला तर उष्णतेचंच वैर. म्हणून पाकिटावर कॅनबस लिहिलेलं असूनही इंडिकेटर पळतो आणि दुकानदार सांगतो, ‘साहेब, तुमच्या गाडीचा कॅनबस वेगळा आहे.’ तो खोटं बोलत नसतो, त्यालाही तसंच सांगितलेलं असतं. काही मॉड्यूल दिवा बंद असतानाही करंटचे मिलिसेकंदाचे ठोके पाठवून बल्ब शाबूत आहे का ते पाहतात. फिलामेंट तेवढ्यात तापत नाही, एलईडी मात्र अंधारात मंद मंद चमकतो. यालाही लोक ‘कॅनबसचा प्रॉब्लेम’ म्हणतात. या चमकण्यावर रेझिस्टरचा उपयोग होतो, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. काही गाड्यांत लॅपटॉप लावून कोडिंगमध्ये ही तपासणी बंद करता येते.

कारखान्यातूनच एलईडी घेऊन येणाऱ्या दिव्यांनी दुसरी वाट धरली. २०१२ मध्ये इंडिकेटरच्या एलईडी दिव्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आलं. दिव्याने दर वेळी पेटताना करंटचा एक छोटा ठोका घ्यायचा, तोच ‘मी शाबूत आहे’ हा निरोप. ठोका आला नाही की मॉड्यूलला कळतं. सतत काही जाळत बसायला नको. रिले गेल्यामुळे टिकटिक आता स्पीकरमधून वाजवतात. आणि दिवा गेला की कित्येक गाड्यांत सॉफ्टवेअर तोच जुना दुप्पट वेग मुद्दाम लावतं, कारण ड्रायव्हरच्या कानाला तो ओळखीचा आहे.