टेस्ट किट शून्य दाखवतंय, मग दगडांवर एवढं शेवाळ कुठून?

समुद्री टँक, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, मलाही पडला. पुण्यात घरी २०० लिटरचा टँक, त्यात दोन क्लाउनफिश आणि मश्रूम, झोआंथिड असे मऊ कोरल (प्रवाळ), सगळं छान चाललेलं आणि पाचव्या महिन्यात दगडांवर हिरवे केस यायला लागले, बघता बघता बोटभर लांब झाले. फॉस्फेट आणि नायट्रेट हे शेवाळाचं खत, म्हणून फॉस्फेटची टेस्ट केली तर पाण्याला रंगच येईना, म्हणजे शून्य. नायट्रेटही जवळपास शून्य.

आता यात किट खोटं बोलत नव्हतं. किट मोजतं ते पाण्यात विरघळून उरलेलं फॉस्फेट, शेवाळाने जे आधीच ओढून घेतलंय ते त्याला दिसतच नाही. पंगत उठल्यावर पातेलं रिकामं दिसलं म्हणून स्वयंपाक झालाच नव्हता असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. टँकमध्ये खत रोज येत असतं आणि शेवाळ ते त्याच दिवशी संपवून टाकतं.

येतं कुठून, तर मुख्य म्हणजे आपल्याच हातून. माशांना घातलेलं प्रत्येक खाणं, मग ते फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) असो की फ्लेक्स, त्यातलं फॉस्फरस माशाच्या विष्ठेतून नाहीतर न खाल्लेल्या तुकड्यांतून शेवटी पाण्यातच येतं. जरा आकडे बघा. २०० लिटर पाण्यात ०.१ पीपीएम (लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम) फॉस्फेट म्हणजे सगळं मिळून फक्त २० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही खूप कमी! आणि तुम्ही २० लिटर पाणी बदललंत तर त्यातलं २ मिलिग्रॅम बाहेर गेलं. म्हणून नुसतं पाणी बदलून शेवाळ जात नाही, लोक बादल्या उचलून दमतात. त्यात भर म्हणजे टँकमधले दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सोडतात, त्यामुळे जुन्या दगडांवर सगळं नीट करूनही महिनोन् महिने शेवाळ येत राहतं.

दुसरी वाट पाण्याची, आणि आपल्याकडे इथेच फार लोक फसतात. किचनमधल्या आरओचं पाणी शुद्ध म्हणून आपण टँकमध्ये घालतो, पण पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून बऱ्याचदा थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. माझ्या मशीनचा टीडीएस ६० निघाला, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. उन्हाळ्यात टँकमधून रोज दोनेक लिटर पाणी उडतं, वाफ जाते पण विरघळलेलं सगळं मागे राहतं, म्हणजे महिन्याला ६० लिटर भर घातली की साडेतीन ग्रॅमच्या वर काहीबाही टँकमध्ये साठलं. सगळंच शेवाळाचं खाद्य नसतं हे खरं, पण नायट्रेट आणि सिलिकेट त्यात असू शकतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, एक फिल्टर लावायचा आणि टीडीएस शून्य आणायचा, या एका खर्चात कंजूषी करू नका असं मी कळकळीने सांगेन. (नवीन टँकमध्ये वाळूवर तपकिरी भुकटी दिसते ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची, त्यांना सिलिकेट लागतं, काही आठवड्यांत ती बहुतेक वेळा आपोआप जाते, तिच्यामागे लागू नका.)

मग करायचं काय? आधी हाताने उपटा. याला पर्याय नाही. मी सायफनच्या नळीच्या तोंडाला जुना टूथब्रश बांधला, घासलं की सुटलेलं शेवाळ तिथल्या तिथे नळीत ओढलं जातं, नाहीतर तुकडे टँकभर पसरून नवीन जागी रुजतात. पहिल्या दिवशी मूठभर हिरवा गोळा निघाला, वाटीत ठेवून बघितला तर आत पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते, कोपेपॉड्स नावाचे बारीक कवचधारी जीव! ते चमच्याने परत टँकमध्ये सोडले. असा एक गोळा म्हणजे शेवाळाने गोळा करून ठेवलेलं फॉस्फेट, आणि ते वर सांगितलेल्या २० लिटरच्या पाणीबदलापेक्षा जास्त भरतं.

गोगलगायी त्यानंतर आणा. ट्रोकस आणि टर्बो कोवळं, आखूड शेवाळ मस्त खातात, पण लांब वाढलेल्या केसांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यातही मला ट्रोकस आवडतात, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात.

हे चरणारे प्राणी किती महत्त्वाचे, ते कॅरिबियन समुद्राने दाखवलंय. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचे काळे डायडेमा अर्चिन, म्हणजे दगडांवरचं शेवाळ चरणारे गोल समुद्री प्राणी, अचानक मरायला लागले आणि वर्षभरात तिथले ९० टक्क्यांहून जास्त संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार मासेमारीने कमी झालेले, चक्रीवादळाचाही तडाखा बसलेला, त्यात अर्चिन गेले. ७० च्या दशकाच्या शेवटी तिथे निम्म्याहून जास्त भागावर कोरल होतं ते ९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आलं आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. माझ्या टँकमध्ये दोन गोगलगायी होत्या, आता नऊ आहेत.

एक चूक मात्र करू नका, घाबरून सगळं शून्यावर आणायची. मी फॉस्फेट शोषणारं आयर्न ऑक्साइडचं मीडिया (फिल्टरमध्ये घालायचे दाणे) भरपूर घातलं, हिरवं शेवाळ गेलं आणि तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे अडकलेले धागे आले. डायनोफ्लॅजेलेट्स, हेही एक सूक्ष्म शैवालच. प्रतिस्पर्धी उपाशी मेले की यांना रान मोकळं मिळतं, आणि काही जाती विषारी असतात, माझ्या दोन गोगलगायी तेव्हाच गेल्या. कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न देणारं शैवालसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहे, आणि त्यालाही थोडं फॉस्फेट लागतंच, म्हणून तेव्हा झोआंथिडही फिके पडले होते. मीडिया काढलं, खाणं थोडं वाढवलं, दोन महिन्यांनी सावरलं.

आता फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम ठेवतो. खालच्या संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, कीटोमॉर्फाचा, म्हणजे तारेच्या घासणीसारख्या शेवाळाचा गुंता आहे, त्याचा दिवा रात्री लागतो, त्यामुळे वर अंधार असताना पीएचही फार उतरत नाही. जे खत वर दगडांवर केस वाढवत होतं ते आता हा गुंता खातो. दर तीन आठवड्यांनी निम्मा काढायचा, गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचा आणि कढीपत्त्याच्या कुंडीत. नदीत, नाल्यात किंवा समुद्रात मात्र टाकायचा नाही.