रास खळ्यावर, घेणेकरी बांधावर : ज्वारीच्या सुगीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मंगळवेढ्याकडं कुणीही कुणाला भेटलं तरी पहिला प्रश्न एकच, माणसं मिळाली का? ज्वारी उभी वाळून खडखडीत झालेली असते, कणसाचं दाणं टणक झालेलं असतं, वर आभाळ जरा जरी भरून आलं तरी पोटात गोळा येतो आणि उपटणारी टोळी मात्र दुसऱ्याच्या रानात असते, तिला आगाऊ पैसे देऊन ठेवलेले असले तरी ती कधी येईल ते तीच ठरवणार. आमच्याकडं रब्बीची ज्वारी बरेच जण अजून कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पहाटे दव असतं तोवर पानं मऊ असतात म्हणून चार-पाचलाच रानात जायचं, कारण ऊन चढलं की तीच पानं हाताला करवतीसारखी लागतात आणि मानेवर, दंडावर जी खाज सुटते ती रात्री आंघोळ करूनही जात नाही. म्हणून कुणी रोजंदारीवर यायला बघत नाही, सगळं एकरावर गुत्तं, म्हणजे ठोक ठरवून.

शहरातली पाव्हणी मंडळी विचारतात की ज्वारी एवढी महाग कशी झाली, आणि महाग झाली तर तुम्ही पेरत का नाही. त्याचं उत्तर नुसत्या आजच्या भावात नाही, जरा मागं जावं लागतं.

मुळात हे पीक पावसावरचं नाही, ओलीवरचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि काळ्या भारी जमिनीनं पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवर, थंडीच्या जोरावर ती येते, पाणी द्यायची सोय नसली तरी येते. मालदांडी हे तिचं घरचं नाव, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेला ‘एम ३५-१’ हा वाण अजूनही लोक विसरलेले नाहीत. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. सुगी हा शब्दही इकडं अर्धा कानडी मुलखाशी वाटून घेतलेला, पलीकडं ते सुग्गी म्हणतात.

तर सुगी म्हणजे आनंद, हे खरंच आहे. हुरडा, वेळा अमावस्येला रानात कडब्याची कोप करून केलेली पूजा, आंबील, भज्जी, हे सगळं कणसात दाणा भरतानाचं. पण दाणा खळ्यावर आला की हिशोब सुरू व्हायचा.

खळं करणं हेच एक आठ दिवसांचं काम होतं. रानातली कठीण जागा बघायची, तासून सपाट करायची, पाणी मारायचं, बैलं फिरवून, चोपण्यानं चोपून घट्ट करायची, मग शेणानं सारवायची, इतकी की त्यावर सांडलेला दाणा मातीशिवाय उचलता आला पाहिजे. मधोमध मेढ म्हणजे खांब रोवायचा, त्याच्याभोवती बैलांची पात म्हणजे रांग धरायची, कणसांवर फिरताना तोंड घालू नये म्हणून मुसकी बांधायची (काही जण बांधत नसत, म्हणायचे त्यानंच पिकवलंय, खाऊ दे). मग वाऱ्याची वाट. वारं सुटलं की वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून पाटीनं उपणायचं, भुसा लांब उडतो, दाणा पायाशी पडतो. वारं पडलं की काम बंद, मग दिवस असो की मध्यरात्र, बाप्ये खळ्यावरच झोपायचे कारण वारं रात्री कधीही सुटायचं आणि चोरही रात्रीच यायचे. रास मोजताना बोलायचं नाही. मापाडी पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचा, मग दोन, तीन.

आणि हे मोजणं चालू असताना बांधावर कोण उभं असायचं? सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मांग, महार. यांनी वर्षभर कामं केलेली, नांगर-पाभर नीट केली, फाळ शेवटून धार लावली, दोर वळले, मोटा शिवल्या, गावकी केली, आणि त्याचा पगार म्हणजे खळ्यावरचं बलुतं. थोरली, मधली, धाकटी अशी कास म्हणजे बलुतेदारांची ओळ ठरलेली आणि तसा वाटा. पुस्तकात वाचताना ही व्यवस्था मोठी सुबक वाटते, गाव स्वयंपूर्ण वगैरे. पण ज्याच्या हातात माप त्याचा हात आखडला की पुढच्यानं काय करायचं? वर्षभराच्या कष्टाचं जे येणं, ते पदर पसरून मागायचं, आणि महार-मांगांच्या वाट्याला तर खळ्याच्या कडेचं, मातीत मिसळलेलं, तेही शिव्या खाऊन. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल, म्हणजे त्या पिढीजात गावकामाबद्दल, बिल मांडलं त्यामागं ही बांधावरची लाचारी होती, गावाची कामं बिनपगारी करायची आणि पोट मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर. शेवटी १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. कुणी ‘पूर्वीची सुगी’ म्हणून उसासे टाकायला लागलं की मला हे आठवतं.

त्यात गंमत बघा, मंगळवेढ्याची सगळ्यात मोठी गोष्ट धान्याचीच आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं, आणि त्या धान्याची रक्कम दरबारात भरायला विठ्ठल गेला तो विठू महाराचं रूप घेऊन. कथा आहे, पण देवाला देणं फेडायला तेच रूप घ्यावंसं वाटलं असं लोकांनी शेकडो वर्षं सांगितलं आणि तरी खळ्यावरचं वागणं काही बदललं नाही.

इंग्रज आले तसा एक नवा घेणेकरी वाढला. रयतवारीत शेतकऱ्यानं सरकारला थेट सारा भरायचा, तोही रोख, पीक कसंही येवो. रोख पैसा शेतकऱ्याकडं कधी असतो तर माल विकल्यावर, आणि सगळे एकदमच विकायला निघाले की भाव पडणारच. म्हणजे सुगीत स्वस्तात विकायचं, आषाढात खायला तेच महागात आणायचं, आणि मधल्या काळात सावकार. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला भाव आला तेव्हा कर्जं सहज मिळाली, युद्ध संपलं, भाव कोसळले, वर इंदापूरसारख्या तालुक्यांत फेरपाहणी होऊन सारा वाढला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जो भडका उडाला तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, आणि लोकांनी जाळली काय तर रोखे आणि खतं, सावकाराची कागदपत्रं. सुगी उरकलेली असते, जनावरांच्या वाडग्यात कडबा असतो पण घरात दाणा उरलेला नसतो, असा तो महिना आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. आमचं मंगळवेढं तेव्हा सांगली संस्थानात, त्यामुळं तो दंगा आमचा नाही, दुखणं मात्र तेच.

विकायला नको म्हणून साठवायचं कुठं? पेवात. जमिनीत आडासारखा खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, आत कडबा-भुश्याचा थर, वरून दगड आणि माती लिंपून बंद. ज्वारी दोन-तीन वर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते, माणसं मेली आहेत तशी. दिवा सोडून बघायचे, तो विझला तर अजून थांबायचं. कडेची ज्वारी पिवळी पडलेली, आंबूस वासाची, आणि म्हाताऱ्यांना त्याच ज्वारीची भाकरी आवडायची हे मला कधीच समजलं नाही.

स्वातंत्र्यानंतर घेणेकरी सरकार. १९६४ ला सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली, लोक नुसतं ‘हायब्रीड’ म्हणायचे, खरिपात भरपूर पिकायची पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की काळी. त्याच सुमाराला राज्यानं ज्वारीची एकाधिकार खरेदी, म्हणजे घेणारं फक्त सरकार, सुरू केली, पुढं लेव्ही आली, म्हणजे इतक्या जमिनीमागं इतकी ज्वारी सरकारी भावानं घालायचीच, बाजारात भाव जास्त असला तरी. लेव्हीपायी धान्य लपवणारी घरं होती, पेवं त्याही कामाला आली. आणि १९७२ च्या दुष्काळात तीच माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर परदेशी लाल मिलो खाल्ली, ज्वारीच्या कोठारात बसून.

यानंतर मात्र मजुराचं गणित बदललं आणि ते बरंच झालं. आधी सुगीतली मजुरी धान्यातच मिळायची, त्यावर घराचं वर्ष निघायचं, त्यामुळं हाक मारली की यावंच लागायचं. रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला, रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर तर अगदीच स्वस्त. मग कुणी खाज अंगावर घेऊन पहाटे ज्वारी का उपटायची? घ्यायची तर चांगले पैसे घेऊन. शेतकऱ्याला हे जड जातं, पण चूक कुणाची म्हणणार. पूर्वी निदान सावड होती, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, आता घराघरात दोनच हात उरलेत तर सावड कशाची करायची.

मळणीचा त्रास मशीननं संपवला, आमच्याकडं मोठ्या मळणीयंत्राला हडंबा म्हणतात, तो आला की आठवड्याचं काम तासाभरात. पण काढणीचं कोडं सुटलेलं नाही, कारण कडबा. हार्वेस्टर घातला तर धाटांचा चुरा होतो, आणि कडबा तर पेंढीवर, शेकड्यानं विकला जातो, दुष्काळी वर्षात दाण्यापेक्षा त्याचेच पैसे जास्त होतात. दूधवाले येऊन रानातच सौदा करतात. म्हणजे ज्या गोष्टीमुळं ज्वारी परवडते तीच गोष्ट मशीन लावू देत नाही. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३७४९ रुपये क्विंटल जाहीर झाला, त्यात या पेंढ्यांचा हिशोब कुणी बसवायचा? आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसारखं एखादं वर्ष आलं की दाणाही काळा आणि कडबाही. त्यात मार्चएंड, पीककर्जाच्या सोसायटीचा माणूस वसुलीला फोन करतोच. मग लोक हरभऱ्याकडं, मक्याकडं, ऊस जमला तर उसाकडं वळतात.

आमच्या शेजारच्या आप्पांनी यंदा दीडच एकर ज्वारी केली, घरापुरती आणि दोन म्हशींपुरती. हडंबा रात्री साडेदहाला आला, मशीनवाला पोरगा पोत्यामागं किती ते आधीच ठरवून बसलेला. पहिलं पोतं भरलं तसं आप्पा हळूच ‘लाभ’ म्हणाले. पोरानं मशीनच्या आवाजात कानाला हात लावून विचारलं, किती म्हणालात आप्पा?